जॉब ४१ किलोचा, उचलणारा एकटा

पत्राचा सारांश : नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीनशॉपमधून एका वाचकाने लिहिलं आहे. वय छत्तीस, व्हीएमसी (संगणकावर चालणारं धातू कापायचं मशीन) ऑपरेटर, ठेकेदाराच्या हजेरीवर पाच वर्षं. गेल्या दिवाळीनंतर रात्रपाळीचा हेल्पर बंद झाला. तेव्हापासून जॉब, म्हणजे मशीनवर घडवायचा नग, इथे बिडाची हाउसिंग (यंत्राचं बाहेरचं कवच), जमिनीवरच्या बिनमधून (मोठ्या पेटीतून) एकट्याने उचलून मशीनच्या टेबलावर चढवायची आणि काम झालं की उतरवायची. त्यांनी एक हाउसिंग काट्यावर ठेवून पाहिली, ४१ किलो भरली. पाळीला २८ नग. महिनाभरापूर्वी एका रात्री उचलताना कमरेत उसण भरली. घरी जाऊन गोळी घेतली, झोपले, कोणाला काही बोलले नाहीत. आता कळ डाव्या कुल्ल्यापासून मांडीपर्यंत उतरते. हेल्पर परत मागितला तेव्हा सुपरवायझर म्हणाला, “दिवसपाळीचे आण्णा पंचावन्नचे आहेत, ते उचलतात. मार्केट यार्डात हमाल पन्नास किलोची गोणी उचलतात. तुलाच काय झालं?” बायको म्हणते नोकरी सोडा. घराचा हप्ता चालू आहे. तक्रार केली तर ठेकेदार ‘उद्यापासून येऊ नको’ म्हणेल, गप्प बसलो तर कंबर जाईल. काय करू? आणि कमरेचा पट्टा कोणता घेऊ?

तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात सोपा, म्हणून तो आधी घेतो. पट्ट्यावर पैसे घालू नका. धडधाकट माणसाने पट्टा बांधून वजन उचललं तर त्याची कंबर वाचते, याला पुरावा सापडत नाही, असं अमेरिकेतल्या ‘निऑश’ या सरकारी संशोधन संस्थेने १९९४ मध्येच सांगून ठेवलं आहे. तरीही आपल्याकडे चार मार्चला सुरक्षा सप्ताह लागला की पट्टे वाटले जातात आणि फोटो निघतात. दुखऱ्या कमरेला डॉक्टरांनी काही दिवस पट्टा सांगितला तर बांधा, ते औषधासारखं आहे. पण तो बांधून पुन्हा त्याच बिनमध्ये वाकायचं असेल, तर पट्ट्याने वाढतो तो फक्त उचलायचा धीर.

आता तुमच्या कमरेचं. पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य मला ‘कोणाला काही बोललो नाही’ हे वाटलं. कळ कुल्ल्यावरून मांडीत उतरते तेव्हा दोन मणक्यांमधली गादी सरकून शिरेवर दाब आलेला असू शकतो. असेलच असं नाही. तपासल्याशिवाय ते कोणी सांगू नये, आणि मी तर डॉक्टरही नाही. तुमच्या पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापला जातो असं तुम्ही लिहिलंय. पाऊण टक्का तुमचा, सव्वातीन टक्के मालकाचा. मग सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात जा. रांगेत अर्धा दिवस जाईल हे खरं, पण गल्लीतल्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन परत कामावर जाण्याने जे होत नाही ते तिथे होतं, ते म्हणजे कागद. त्या कागदाचं महत्त्व पुढे येईलच. डॉक्टरांनी विचारलं की ‘कामावर जॉब उचलताना, अमुक तारखेला’ असं स्पष्ट सांगा. आपण ‘जरा कंबर धरलीय’ म्हणतो, मग केसपेपरवर ‘जुनी कंबरदुखी’ असं लिहिलं जातं आणि ते नंतर खोडता येत नाही.

एक गोष्ट घरच्यांनाही सांगून ठेवा. पायाचा पंजा वर उचलता येईना, दोन्ही पाय बधिर व्हायला लागले, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी-शौचावरचा ताबा गेल्यासारखा वाटला, यातलं काहीही झालं तर त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात जायचं. सकाळी बघू, असं म्हणायचं नाही. तसं काही नसेल तर पंधरा दिवस अंथरुणावर पडून राहण्याचाही उपयोग नसतो. डॉक्टर सांगतील तेवढी विश्रांती, आणि मग झेपेल तशी हालचाल. तोवर ४१ किलोला हात लावायचा नाही, हे वेगळं सांगायला नको.

सुपरवायझरच्या त्या टोमण्याने तुम्हाला कळेपेक्षा जास्त टोचलेलं दिसतं, कारण पत्रात तो तुम्ही दोनदा लिहिला आहे. आण्णांना जमतं, मग मलाच का नाही? पण तुमच्याच पत्रात शेवटी एका ओळीत आहे की दिवसा शॉपमध्ये फोर्कलिफ्ट असतो आणि हेल्परही असतो. म्हणजे आण्णा जे उचलतात आणि तुम्ही जे उचलता ते एकच काम नाही. शिवाय उचलणारे आण्णा शॉपमध्ये दिसतात. ज्यांची कंबर गेली ते तिथे दिसणार कसे? एखाद्याने पाथर्डी फाट्यावर चहाची टपरी टाकली असेल, एखादा गावी परत गेला असेल. जे टिकले त्यांच्याकडे बोट दाखवून ‘सगळ्यांना जमतं’ म्हणणं सोपं आहे.

हमालांचं उदाहरण तर साहेबांनी द्यायलाच नको होतं. एक तर गोणी पाठीवर घेताना दोघं जण हात देतात आणि वजन पाठीला चिकटून राहतं. गोणी हातभर पुढे धरून, वाकलेल्या कमरेने, लोखंडी चौकटीच्या आत कोणी ठेवत नाही. दुसरं म्हणजे गोणी पन्नासची झाली ती हमालांनीच केली. पूर्वी शंभर किलोची पोती सर्रास असायची. ती कमी करायला हमाल-माथाडींच्या संघटनांनी वर्षानुवर्षं भांडण केलं. याच लोकांच्या लढ्यातून महाराष्ट्रात १९६९ चा माथाडी कायदा आला. नाशिकलाही माथाडी मंडळ आहे ते त्याच कायद्याने. ज्यांनी वजन उतरवायला आयुष्य घातलं, त्यांचंच नाव घेऊन तुमच्यावर वजन चढवायचं, हे मला पटत नाही.

वजनाचं गणित एकदा नीट बघू, कारण पुढे बोलताना तुम्हाला तेच उपयोगी पडेल. पाठ सरळ धरणारे कमरेचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटीमीटरवर असतात. हातातला जॉब मात्र कमरेपासून चाळीस सेंटीमीटर पुढे. गच्च बसलेला नट सोडवायला आपण पान्ह्याला पाइप लावतो ना, तसंच हे आहे, फक्त इथे पाइपचं लांब टोक जॉबच्या हातात आहे आणि आखूड टोक तुमच्या कमरेच्या. आठपट ओढ. ४१ किलोचा जॉब वाकून उचलताना त्या स्नायूंवर तीनशे किलोंच्या वर ताण येतो, आणि वाकलेल्या धडाचं स्वतःचं वजन त्यात अजून धरलेलंच नाही. हाच जॉब पोटाशी धरला तर ताण निम्म्याच्या आसपास येतो. म्हणून ‘किती किलो’ एवढ्याच प्रश्नाला फारसा अर्थ नाही. कुठून उचलता, शरीरापासून किती लांब, कुठे ठेवता, किती वेळा, हे सगळं मिळून वजन ठरतं.

तुमच्या बाबतीत हे सगळंच वाकडं आहे. बिन जमिनीवर, तळाचा थर घोट्याच्या उंचीला. व्हीएमसीचं दार उघडलं की खालची कड पोटावर टेकते आणि हात लांब करून जॉब आत फिक्स्चरवर (जॉब पकडून ठेवणाऱ्या चौकटीवर) टेकवावा लागतो. पायाखाली कूलंट (मशीन थंड ठेवायचं पाणी) सांडलेलं, त्यात चिप्स, म्हणजे धातूचा कीस. आणि चढवणं-उतरवणं धरलं तर पाळीत २८ नगांचे सव्वादोन टनांच्या वर होतात. सव्वादोन टन, एका माणसाच्या हाताने, रात्रीत.

‘निऑश’चं एक समीकरण आहे. सगळी परिस्थिती उत्तम असेल, म्हणजे जॉब कमरेच्या उंचीला, अंगाजवळ, न वळता आणि क्वचितच उचलायचा, तर त्यात २३ किलो धरतात. तिथून एकेका अडचणीसाठी वजा करत जायचं. तुमच्या बिनची उंची आणि हातांचं अंतर घालून मी ढोबळ हिशेब केला तर आकडा दहा-अकरा किलोंवर येतो, आणि त्यात दर सतरा मिनिटांनी उचलणं धरलेलंही नाही. ब्रिटनच्या सुरक्षा खात्याचा ठोकताळा बघा : पुरुषाने कमरेच्या उंचीला अंगाजवळ २५ किलो, जमिनीजवळून मात्र १०. दोन देश, दोन पद्धती, आणि उत्तर जवळपास एकच. तुम्ही त्याच्या चौपट उचलताय. तेव्हा ‘तुलाच काय झालं’ या प्रश्नाचं उत्तर ‘व्हायचं तेच झालं’ असं आहे.

कोणी तुम्हाला ५५ किलोचा आकडाही दाखवेल. तो हवेतून आलेला नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये शिफारस केली होती की एका पुरुषाने हाताने वाहायची मर्यादा कुठे ५५ किलोंच्या वर असेल तर ती लवकरात लवकर तिथपर्यंत खाली आणावी. म्हणजे तो वरचा कठडा होता. त्याच्या आतलं सगळं चालतं, असा परवाना त्यातून निघत नाही.

आता जरा तुमच्या मागणीकडे येतो. हेल्पर परत द्या, असं तुम्ही म्हणता. मला ती मागणी कमी वाटते. दोघांनी मिळून उचललं की ताकद दुप्पट होते असं वाटतं, पण दोघांच्या मिळून ताकदीच्या साधारण दोन-तृतीयांश एवढंच धरायचं असतं. उंची सारखी नसते, एकाचा हात आधी उठतो. आणि तुमच्या मशीनच्या दारात दोघं मावतात तरी का? बिनमधून काढायला हेल्पर कामाचा, पण आत वाकून ठेवायची वेळ आली की तो बाजूला उभा आणि ४१ किलो पुन्हा तुमच्याच हातात. शिवाय हेल्पर म्हणजे दर महिन्याचा पगार. एकदा कापलेला तो खर्च परत द्यायला मालक तयार होणं कठीण, आणि झाला तरी पुढच्या मंदीत पुन्हा कापेल. माणूस मागण्याऐवजी जॉब वर येण्याची सोय मागा. माणूस मधल्या काळापुरता मागा.

यातली पहिली सोय जवळजवळ फुकट आहे. दिवसपाळीच्या फोर्कलिफ्टवाल्याने घरी जाण्याआधी रात्रीची बिन जमिनीऐवजी स्टँडवर ठेवायची. शॉपमध्ये चॅनल आणि अँगलचे तुकडे पडलेलेच असतात, फॅब्रिकेशनवाला एका दिवसात स्टँड जोडून देईल. तळाचा थर गुडघ्याच्या वर आला तरी निम्मं दुखणं कमी होतं. मात्र वरचा थर छातीच्या वर जायला नको, म्हणून बिन उथळ हवी किंवा एका बाजूने उघडणारी. भिंतीवर ते पोस्टर असतं ना, ‘गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा’, त्यावर माझा राग नाही. पण बिनची कड मांडीला लागत असताना गुडघे वाकवायचे कसे, हे पोस्टर काढणाऱ्याने एकदा बिनसमोर उभं राहून दाखवावं. नुसतं उचलण्याचं प्रशिक्षण दिल्याने कंबरदुखी कमी होत नाही, असं अनेक अभ्यास एकत्र तपासून संशोधकांनी म्हटलेलं आहे. जागा बदलावी लागते.

दुसरी सोय, सिझर लिफ्ट टेबल. पायाने पंप मारला की वर येणारी ट्रॉली. हाताने चालणारी असेल तर हेल्परच्या काही महिन्यांच्या पगारात येते. स्टँडवरच्या बिनमधून जॉब ट्रॉलीवर सरकवायचा, ट्रॉली दाराशी न्यायची, मशीनच्या टेबलाच्या उंचीला आणायची. पण आत हात लांबवणं यातून सुटत नाही. त्याला खरा उपाय म्हणजे मशीनशेजारी छोटी जिब क्रेन (फिरणाऱ्या आडव्या दांड्याची क्रेन) आणि तिच्यावर होइस्ट, म्हणजे साखळीने वजन वर ओढणारं साधन. काही व्हीएमसींचं दार वरच्या बाजूनेही उघडं होतं, ते क्रेनचा हुक आत यावा म्हणूनच. तुमच्या मशीनचं तसं आहे का बघा. हाउसिंगला आयबोल्टसाठी (डोक्यावर कडी असलेल्या बोल्टसाठी) आटे नसतील तर बेल्ट-स्लिंग, म्हणजे उचलायचा पट्टा, लावता येते. एका नगाला सतरा मिनिटं लागतात, त्यात होइस्टने चढवायला दीड-दोन मिनिटं जास्त गेली तरी नग फार कमी होणार नाहीत. हे साहेबांना करून दाखवता आलं तर अर्धं काम झालं.

एक धोक्याची सूचना मात्र देतो. चेन पुली मेंटेनन्सच्या कपाटात बहुतेक ठिकाणी एखादी पडलेली असते आणि उत्साहात कोणीतरी ती शेडच्या ट्रसला (छताच्या लोखंडी सांगाड्याला) टांगतो. तसं करू देऊ नका. तो ट्रस पत्रे धरायला बनवलेला असतो. वजन उचलायचं साधन, त्याची साखळी, हुक, हे सगळं सक्षम व्यक्तीकडून बारा महिन्यांतून एकदा तपासून घ्यायचं असतं, हा कारखाना कायद्यातला जुना नियम आहे आणि अतिशय शहाणा नियम आहे. कमरेवरचं ओझं डोक्यावर पडायला नको.

बोलायचं कसं, ते आता. ‘तक्रार की गप्प’ असे दोनच रस्ते तुम्हाला दिसतात, कारण तक्रार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर थेट भांडण येतं. मधे बराच रस्ता आहे. आणि ठेकेदार उद्या काढून टाकेल ही भीती खोटी नसली तरी ती थोडी तपासून बघा. हेल्पर काढला तेव्हा दुसऱ्या दिवशी काम चालू राहिलं. तुम्ही नसलात तर ती व्हीएमसी कोण चालवणार, ऑफसेट (हत्याराच्या मापाची जुळणी) कोण घेणार, रिजेक्शन आलं तर रात्री दोन वाजता कोण सावरणार? अंबड-सातपूरला कितीतरी गेटांवर ‘ऑपरेटर पाहिजे’चे बोर्ड लागलेले असतात. पाच वर्षं त्याच मशीनवर असलेल्या माणसाची किंमत त्याला स्वतःला सगळ्यात कमी वाटते. हप्ता आहे हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच सांगतो, एकेक पायरीने जा.

पाळी बदलायच्या गडबडीत विषय काढू नका, सगळ्यांसमोर तर नकोच. सुपरवायझरच्या डोक्यावरही टार्गेट असतं आणि चारचौघांत तो माघार घेणार नाही. आधी रात्रपाळीतल्या बाकी ऑपरेटरांशी बोला, आण्णांशीही बोला. आण्णांच्या गुडघ्यांचं काय चाललंय हे तुम्ही विचारलंयत का कधी? माझा अंदाज आहे की ते सगळ्यात आधी हो म्हणतील. दोघं-तिघं मिळून बोललात की ‘तुलाच काय झालं’ म्हणायची सोय राहत नाही. आणि तोंडी बोलून झालं की त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर लेखी टाका, सुपरवायझरला आणि ठेकेदारालाही. मी असा मजकूर टाकला असता :

“साहेब, सकाळी बोललो त्याप्रमाणे. हाउसिंगचं वजन काट्यावर ४१ किलो आहे. रात्रपाळीत या मशीनवर मी एकटा असतो, २८ नग चढवणं-उतरवणं होतं. मागच्या महिन्यात … तारखेला जॉब उचलताना माझ्या कमरेला दुखापत झाली, ईएसआयमध्ये दाखवलं आहे. बिन स्टँडवर ठेवायची सोय आजपासून करावी. जॉब टेबलावर चढवायला लिफ्ट टेबल किंवा होइस्टची सोय लवकर व्हावी, तोपर्यंत जोडीला माणूस द्यावा, ही विनंती. उत्पादन थांबवायचा माझा हेतू नाही.”

यात आरोप नाही, कायद्याचं कलम नाही, रडगाणं नाही. तारीख आहे, वजन आहे, नग आहेत. उत्तर आलं नाही तरी निरोप पोचल्याची खूण राहते. स्क्रीनशॉट बायकोच्या फोनवरही पाठवून ठेवा. कंपनीच्या वजनकाट्याचा आणि बिनचा फोटो काढायला मनाई असेल तर काढू नका, उगाच त्यावरून निमित्त मिळेल.

कायदा तुमच्या बाजूला किती आहे? बराच आहे, आणि हे माहीत असलं की बोलताना आवाज कापत नाही. इजा होण्याची शक्यता आहे इतकं जड ओझं कोणाही कामगाराला उचलायला, वाहायला किंवा हलवायला लावू नये, असं १९४८ च्या कारखाना कायद्याचं कलम ३४ म्हणत होतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या श्रम संहिता लागू झाल्या आणि हा विषय व्यावसायिक सुरक्षा संहितेत गेला. इजा करणाऱ्या धोक्यांपासून कामाची जागा मुक्त ठेवणं हे मालकाचं कर्तव्य, असं त्यातलं कलम ६ सांगतं. कलम १४ तुम्हाला हक्क देतं : सुरक्षिततेची माहिती मागण्याचा, अपुऱ्या सोयींबद्दल मालकाकडे म्हणणं मांडण्याचा, आणि गंभीर इजा अगदी समोर दिसत असेल तर मालकाबरोबरच सरकारी निरीक्षकालाही कळवण्याचा. तुम्ही ठेकेदाराचे म्हणून यातून वगळले जात नाही. यंत्र आणि शेड ज्याची, सुरक्षिततेची जबाबदारीही त्याची.

तो निरीक्षक म्हणजे जुन्या लोकांच्या बोलण्यातला ‘फॅक्टरी इन्स्पेक्टर’. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं कार्यालय नाशिकला आहे. तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवायचं बंधन निरीक्षकावर जुन्या कायद्यापासूनच आहे. पण खरं सांगायचं तर रात्रपाळीत त्या मशीनवर एकच माणूस असेल, तर नाव कोणी न सांगताही सगळ्यांना कळतं. म्हणून तिथे पहिल्याच आठवड्यात जाऊ नका. लेखी विनंतीला दाद मिळाली नाही, किंवा दुखापत सांगूनही पुन्हा तेच काम लावलं, तर जा. जाताना तो व्हॉट्सॲपचा निरोप आणि केसपेपर बरोबर असेल, तर तुमचं म्हणणं पाच मिनिटांत समजेल.

आता त्या कागदाचं. कामावर झालेली इजा आणि एरवीचं आजारपण यांत ईएसआयच्या हिशेबाने मोठा फरक आहे. आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, आणि त्याला आधी वर्गणीचे ठरावीक दिवस भरलेले लागतात. कामावरची इजा म्हणून मान्य झाली तर ९० टक्के, तात्पुरती अक्षमता असेपर्यंत, आणि वर्गणीची अट नाही, कामाचा पहिला दिवस असला तरी चालतं. पण इजा मान्य व्हायला ती झाल्याची नोंद लागते. त्या रात्री तुम्ही गोळी घेऊन झोपलात, तिथे ही नोंद राहून गेली. महिना उलटला म्हणून आता सोडून देऊ नका. अपघात वहीत नोंद करा म्हणून लेखी मागा, तारीख खरी ती लिहा, त्या रात्री कोणी पाहिलं असेल तर त्याचं नाव लिहा. उशीर का झाला हे विचारतील, तेव्हा ‘बरं होईल असं वाटलं’ हे खरं उत्तर पुरेसं आहे. मान्य होईलच अशी हमी देता येत नाही, कारण हळूहळू वाढलेली कंबरदुखी आणि एका क्षणी झालेली इजा यांत तिथे वाद घालतात. म्हणून ती उसण भरलेली रात्र महत्त्वाची.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी थोडंसं. मशीनशॉपमध्ये नसलात तरी गणित तेच. घरगुती गॅसची भरलेली टाकी तीस किलोंच्या आसपास जाते आणि लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत ती तिसऱ्या मजल्यावर जाते ती कोणाच्या तरी खांद्यावरूनच. पिंपळगावच्या टोमॅटोचं क्रेट वीस किलोचं असतं, हलकं वाटतं, पण गाडी भरताना चौथ्या-पाचव्या थराला ते डोक्याच्या वर फेकावं लागतं आणि तिथे खांदा जातो. ब्रिटनच्या त्याच ठोकताळ्यात बाईसाठी कमरेजवळचा आकडा १६ किलो आहे. पॅकिंगमध्ये बायका २५ किलोची खोकी उचलताना मी पाहतो तेव्हा तो आठवतो. वीज वापरणारं युनिट वीसपेक्षा कमी कामगारांचं असेल तर ते ‘कारखाना’ या व्याख्येत बसणार नाही, पण दहा किंवा जास्त माणसं असतील तर सुरक्षा संहिता तिथेही लागू होते. ईएसआयचंही साधारण तसंच, दहा माणसं आणि महिन्याला २१,००० रुपयांपर्यंत पगार. कार्ड निघालंय का हे आजच विचारा. इजा झाल्यावर विचारलं की उत्तरं गोल गोल येतात.

राहिला नोकरी सोडण्याचा प्रश्न. तुमच्या बायकोचं चुकत नाहीये. रोज सकाळी तुम्ही बुटाची नाडी सोडायला कसे वाकता हे तिला दिसतं, मला नाही. पण रागाच्या भरात सोडाल तर हप्ता थांबेल, आणि दुखऱ्या कमरेने नवीन ठिकाणी पहिल्याच दिवशी पुन्हा जड जॉब समोर येईल. आधी उपचार, नोंद आणि लेखी विनंती. महिनाभर वाट बघा आणि त्याच महिन्यात बाहेर चौकशी चालू ठेवा, त्यात चोरी काही नाही. बिन स्टँडवर आली आणि होइस्टचं कोटेशन मागवलं गेलं, तर थांबायला हरकत नाही. बिन जमिनीवरच राहिली, तर दुसरी नोकरी हातात घेऊन निघा. नवीन ठिकाणी बोलावलं की आपण पगार विचारतो, पाळ्या विचारतो, बस आहे का विचारतो. जॉबचं वजन किती आणि चढवायला काय आहे, हेही विचारा. जमलं तर काम चालू असताना शॉपमधून एक चक्कर मारायला मागा. होइस्ट आहे म्हणून सांगतील. तेव्हा त्याच्या साखळीकडे बघा. तिच्यावर धूळ बसलेली असेल तर तो वापरात नाही, आणि तिथेही रात्री कोणीतरी एकटाच उचलत असणार.